चौकटींच्या कागदावरचं भुयार

जानेवारी १९७४. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं लहानसं गाव आहे. तिथून एक नवा खेळ विक्रीला आला. लाकडासारख्या तपकिरी रंगाचा खोका, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली छपाई १,००० प्रतींची. नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. खोक्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या आणि थेट खेळायला घेता येईल अशी तयार मोहीमही नव्हती. तिसऱ्या पुस्तिकेत नमुन्यादाखल भुयाराचा नकाशा दिला होता, बाकीचं काम खेळ विकत घेणाऱ्यावर सोपवलेलं होतं. त्याने ग्राफ पेपर घ्यायचा, भुयाराचे निदान सहा मजले आखायचे, कुठे कोणता राक्षस दबा धरून बसलाय आणि कुठे किती धन पुरलंय ते लिहून काढायचं. एवढं झालं की मगच मित्रांना बोलवायचं.

हे सगळं करणारा तो ‘डंजन मास्टर’. बाकीचे खेळाडू योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक अशी एकेक भूमिका घेतात आणि आपण काय करतो ते तोंडाने सांगतात. त्यांना समोर काय दिसतं, दार उघडल्यावर काय होतं, हे मास्टर वहीत बघून सांगतो. म्हणजे नियम छापील, पण मोहीम घरची. आज या खेळांसाठी मोहिमा लिहिणारे लोक जगभर आहेत. त्यांच्या लिखाणाला ठरावीक घाट आहे, आणि त्याची घडण झाली ती घरची वही परक्या माणसाच्या हाती देण्याची वेळ आल्यामुळे.

खेळाची बीजं मिनेसोटा राज्यातली. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळांचा नाद असलेली मंडळी होती. १९६९च्या सुमारास त्यांच्यातल्या डेव्ह वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातलं ‘ब्राउनस्टाइन’ नावाचं काल्पनिक गाव रचलं. प्रत्येक खेळाडूला पलटण देण्याऐवजी त्यांनी एकेक माणूस दिला. कुणी महापौर झाला, कुणी विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाचा हेतू वेगळा आणि निवाडा करायला मधे एक पंच. त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी १९७१मध्ये ही कल्पना ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक मुलखात नेली आणि खेळाडूंना किल्ल्याखालच्या तळघरांत उतरवलं. १९७२च्या अखेरीस ते लेक जिनीव्हाला गेले आणि पुढे त्यांच्याबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ लिहिणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांच्यासमोर त्यांनी हा खेळ मांडला. गायगॅक्स लगोलग स्वतःचं भुयार आखायला बसले. ‘ग्रेहॉक’ किल्ल्याच्या त्या भुयारात सर्वांत आधी उतरली ती त्यांची मुलं, अर्नी आणि एलिस.

या पहिल्या वह्या फार त्रोटक होत्या. नकाशावर खोलीला आकडा, आणि दुसऱ्या कागदावर त्या आकड्यापुढे एखादी ओळ: अमुक इतके ऑर्क राक्षस, इतकी नाणी. छापील पुस्तिकेने तर खोल्या फासा टाकून भरण्याची सोयही सांगितली होती. सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ पडले, तर खोलीत राक्षस आहे असं समजायचं. मुरलेल्या कीर्तनकाराच्या टिपणात चार शब्द असतात आणि आख्यान मात्र दोन तास रंगतं, तसाच हा प्रकार होता. उरलेलं सगळं मास्टरच्या डोक्यात. १९७७मध्ये आर्नेसन यांची ब्लॅकमूरची टिपणं ‘द फर्स्ट फँटसी कँपेन’ या नावाने छापली गेली, तेव्हा ही अडचण उघड झाली. नकाशे होते, राक्षसांच्या याद्या होत्या, पण त्यावरून दुसऱ्या कुणी खेळ चालवायचा म्हटलं तर पुष्कळसं त्याला स्वतःच जुळवावं लागे. गायगॅक्स यांचा ग्रेहॉकचा किल्ला तर मूळ रूपात कधीच पूर्ण छापला गेला नाही.

वहीला शिस्त लावली ती स्पर्धांनी. जुलै १९७५मध्ये बाल्टिमोर इथे ‘ओरिजिन्स’ हे खेळांचं संमेलन पहिल्यांदा भरलं आणि त्यात गायगॅक्स यांनी ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही मोहीम स्पर्धेसाठी दिली. स्पर्धेत टेबलं अनेक, मास्टर अनेक आणि मोहीम मात्र एकच. एका टेबलावर मास्टरने खोलीचं वर्णन सविस्तर केलं आणि दुसऱ्याने निम्मं गाळलं, तर संघांची तुलना कशी करणार? म्हणून खेळाडूंची पात्रं आधीच ठरवून दिली जाऊ लागली, प्रत्येक सापळा कसा सुटतो आणि चुकलं तर काय होतं हे स्पष्ट लिहिलं जाऊ लागलं. याच मोहिमेत भिंतीवर हिरव्या सैतानाचं कोरलेलं तोंड आहे. तोंड उघडं, आत नुसता काळोख. धाडस करून जो आत शिरेल तो कायमचा नाहीसा होतो. इतकी कठोर शिक्षा असेल, तर खेळाडूला नेमकं काय दिसलं यावरून वाद होऊन चालत नाही. १९७८मध्ये मोहीम छापली गेली तेव्हा सोबत खास खेळाडूंना दाखवायच्या चित्रांची वेगळी पुस्तिका होती. पुढे मोहिमांमध्ये चौकटीतला मजकूरही रुळला. मास्टरने मोठ्याने वाचून दाखवायचा तो चौकटीत, त्याने स्वतःपुरता ठेवायचा तो चौकटीबाहेर.

तयार मोहीम कुणी विकत घेईल, हे मूळ कंपनीला, म्हणजे टीएसआरला, सुरुवातीला फारसं पटलेलं नव्हतं. वाट दाखवली ती बाहेरच्या हौशी लोकांनी. पीट आणि ज्यूडी केरेस्टन यांची ‘पॅलेस ऑफ द व्हँपायर क्वीन’ १९७६मध्ये आली. स्वतंत्रपणे विकली गेलेली ही पहिली मोहीम मानली जाते. त्याच वर्षी इलिनॉयमधल्या डिकेटर इथे बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी ‘जजेस गिल्ड’ सुरू केली आणि एका अख्ख्या काल्पनिक शहराचा नकाशा विकायला काढला. लोकांनी तो उचलून धरला. १९७८मध्ये टीएसआरनेही राक्षसी दैत्यांच्या गढ्यांवरच्या तीन मोहिमा काढल्या. त्यांच्या सुट्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला निळ्या रंगात नकाशा छापलेला असे आणि तेच मुखपृष्ठ उभं करून मास्टरला आपले कागद खेळाडूंच्या नजरेआड ठेवता येत.

नवख्याला मोहीम लिहायला शिकवण्याचं काम मात्र माइक कार यांच्या ‘इन सर्च ऑफ द अननोन’ने केलं. १९७९च्या सुमारास ती खेळाच्या प्राथमिक संचातच मिळू लागली. क्वास्केटन नावाच्या या भुयारी गढीच्या खोल्यांचं वर्णन तपशीलवार आहे. एका दालनात १४ कुंडं आहेत. एकातलं पाणी जखमा भरून काढतं, दुसऱ्यात तीव्र आम्ल आहे, तिसऱ्यात मद्य. पण खोल्यांच्या वर्णनाखाली दोन रिकाम्या जागा सोडल्या आहेत: राक्षस कोणता आणि धन कुठे. शेवटी राक्षसांची आणि धनाची यादी आहे, तिच्यातून निवडून मास्टरने पेन्सिलीने भरायचं. निम्मी मोहीम छापील, निम्मी घरची. कितीतरी मास्टरांनी पहिली अक्षरं गिरवली ती याच रिकाम्या जागांत.

भुयार आखण्याच्या कलेत मोठी भर घातली ती जेनेल जेक्वेज यांनी. मिशिगनमध्ये महाविद्यालयात असताना १९७६मध्ये मित्रमंडळींसह त्यांनी ‘द डंजनियर’ हे हौशी नियतकालिक काढलं आणि पहिल्याच अंकात खेळायला तयार मोहीम छापली. १९७९मधलं त्यांचं ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ आजही नकाशा कसा आखावा याचा वस्तुपाठ म्हणून दाखवलं जातं. खोलीमागून खोली अशी सरळ रांग तिथे नाही. आत शिरायच्या वाटा एकाहून अधिक आहेत, बोगदे फिरून पहिल्या जागी येतात, काही जिने मधला मजला टाळून थेट खाली उतरतात. त्यामुळे कुठून जायचं, कुणाला बगल द्यायची, हे खेळाडूंना खरोखर ठरवता येतं आणि एकच मोहीम दोन गटांच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसते. जेक्वेज २०२४मध्ये वारल्या, पण या पद्धतीला आज त्यांच्याच नावाने ओळखतात.

नकाशा सुधारला, मग कथेची पाळी आली. १९७८मध्ये ट्रेसी हिकमन एका भुयारात खेळत असताना एका दारामागे अचानक व्हँपायर निघाला. तो तिथे का राहतो, याचं काहीही कारण नव्हतं. ते ट्रेसींना खटकलं. मग त्यांनी आणि पत्नी लॉरा यांनी व्हँपायरला साजेसा किल्ला, इतिहास आणि शोकांतिका रचली. दर हॅलोवीनला ते ही मोहीम मित्रांबरोबर खेळत आणि सुधारत गेले. या जोडप्याने स्वतःच छापलेल्या मोहिमांसाठी काही अटीही घालून घेतल्या होत्या: लूटमार आणि कत्तल यांपलीकडचं काही ध्येय हवं, खेळात गुंफलेली कथा हवी, वास्तू बांधकामाच्या दृष्टीने पटणारी हवी आणि एक-दोन बैठकांत सन्मानाने गाठता येईल असा शेवट हवा.

त्यांची व्हँपायरची मोहीम १९८३मध्ये ‘रेव्हनलॉफ्ट’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यातली एक युक्ती फार सुंदर आहे. सुरुवातीला एक भविष्यवेत्ती पत्ते मांडते आणि ते पत्ते खरोखर पिसून टेबलावर मांडायचे असतात. व्हँपायरला मारायचं शस्त्र कुठे दडलंय, तो कुठे भेटेल, त्याला नेमकं काय हवंय, हे कोणते पत्ते पडतात त्यावर ठरतं. वर्षानुवर्षं खेळून घासूनपुसून घेतलेली मोहीम, तरी दर खेपेला नवी.

१९८६मध्ये टीएसआरने ‘डंजन’ हे द्वैमासिक काढलं. वाचकांनी पाठवलेल्या मोहिमा निवडून, संपादून, मानधन देऊन छापणं हेच त्याचं काम. २००७पर्यंत त्याचे १५० छापील अंक निघाले. घरी टेबलावर रंगलेली मोहीम कागदावर का उतरत नाही, हे इथे साभार परत आलेल्या हस्तलिखितांनी अनेकांना शिकवलं. ख्रिस पर्किन्स यांची पहिली मोहीम १९८८मध्ये याच अंकांतून आली. पुढे ते या खेळाच्या प्रमुख कथा-रचनाकारांपैकी एक झाले.

आता छापखान्याचीही गरज उरलेली नाही. २०१६पासून ‘डीएम्स गिल्ड’ या संकेतस्थळावर कुणीही आपली मोहीम पीडीएफ करून विकू शकतो आणि विक्रीचा निम्मा वाटा लेखकाला मिळतो. २००९मध्ये सुरू झालेल्या ‘वन पेज डंजन’ स्पर्धेत अख्खी मोहीम, नकाशा धरून, एका पानात बसवावी लागते. तिथे एकही शब्द वाया घालवून चालत नाही. भारतीय हातही यात आहेत. २०२२च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या अधिकृत संग्रहातली एक मोहीम कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्या आणि लोककथांवरून रचली आहे.

मुरलेले लेखक आजही मोहीम पक्की करण्यापूर्वी ती दुसऱ्या मास्टरच्या हाती देतात आणि स्वतः बाजूला बसून बघतात. समजावून सांगायचं नाही, मधे बोलायचं नाही. तो मास्टर कुठे अडतो, कोणत्या खोलीपाशी पानं उलटसुलट करू लागतो, खेळाडूंच्या कोणत्या प्रश्नाला वहीत उत्तर नाही, एवढंच टिपून घ्यायचं आणि घरी जाऊन त्या जागा पुन्हा लिहायच्या.