तळटीप : ‘समांतर विश्वे’

१. समांतर विश्वे : हा शब्द ऐकताच मराठी श्रोत्याला जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ ही कथा आठवते. १७६१ च्या रणात विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निसटते, आणि इतिहास वेगळी वाट धरतो. कथेच्या इंग्रजी रूपात त्या दुसऱ्या इतिहासातली पुणे-मुंबई गाडी कर्जतला जेमतेम थांबते आणि कल्याण धडधडत मागे टाकते. रोज कल्याणला गाडी बदलणाऱ्या वाचकाला विश्व बदलल्याची याहून स्पष्ट खूण कोणती हवी! मात्र गंगाधरपंत तिथून बखरीचे फाटके पान घेऊन परततात, ही कथाकाराची मुभा आहे. क्वांटम भौतिकीचा अर्थ लावणाऱ्या ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या मांडणीत मोजमापाच्या सगळ्या शक्यता प्रत्यक्षात येतात, पण एकदा फुटलेल्या शाखांमध्ये ये-जा उरत नाही. बोर यांच्या कोपनहेगन परंपरेला अशा शाखांची गरजच भासत नाही. डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मांडणीत तर कणाला प्रत्येक क्षणी निश्चित जागा असते. इलेक्ट्रॉनच्या नेहमीच्या प्रयोगांबद्दल तिन्हींची भाकिते सारखीच येतात. त्यामुळे विज्ञानाने समांतर विश्वे सिद्ध केली आहेत, असे व्याख्यात्यांनी कृपया सांगू नये.