शक्तीवाल्यांचं कूळ

गौरी-गणपतीत संगमेश्वर तालुक्यात वाडीवाडीवर जाखडी नाचते. मधे ढोलकी, झांज आणि शाहीर, भोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचा फेर. मुंबईकर त्याला बाल्या नाच म्हणतात. हे सर्वांना ठाऊक आहे. मला धरून ठेवलं ते जाखडीतल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्याने. तुरेवाले पुरुषाला श्रेष्ठ ठरवतात, शक्तीवाले प्रकृतीला. परंपरेने गाणारे सगळे पुरुषच, तरी त्यातले निम्मे रात्रभर भांडतात ते स्त्रीतत्त्वाच्या बाजूने!

या भांडणाचं मूळ पार चंदेरीला सांगतात. तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांचा सवाल-जवाब ऐकून तिथल्या राजाने मुकुटातला तुरा गोसाव्याला दिला, कलगी फकिराला. कलगी ही शक्तीची बाजू, म्हणजे देवीची बाजू घेणारा आद्य शाहीर मुसलमान फकीर. राजस्थानच्या ख्याल या लोकनाट्यातही तुर्रा शिवाचा, भगवा. कलंगी पार्वतीची, हिरवी.

मग हे कोकणात उतरलं कसं? संभाजीराजांबरोबर १६८९ साली संगमेश्वरातच पकडला गेलेला कवी कलश उत्तरेचा, आणि शाक्त म्हणून बोल लागलेला. त्याच्याशी धागा जोडायचा मोह होतो. पण एका कवीमुळे वाडीवाडीत फड उभे राहत नाहीत. गिरणीतल्या चाकरमान्यांनी हा सामना मुंबईहून आणला म्हणावं, तर तेही मला पटत नाही. मुंबईने रंगमंच दिला, तिकीट लावलं. बाजू मात्र गुरूकडून शिष्याकडे जाते, आणि असं घराणं रुजायला पिढ्या लागतात. माझा कौल आंबा घाटाला. पेशवाईतले शाहीर घाटावर कलगी-तुरा गात होते. तोच साखरप्याच्या वाटेने खाली आला असणार. इथे शिमग्यात गावदेवीची पालखी खांद्यावर नाचते. अशा मुलखात कलगी हे दागिन्याचं नाव मागे पडलं आणि थेट शक्ती आली, यात मला नवल वाटत नाही.

लोककला आणि स्त्री-पुरुषभेद यांचा अभ्यास आपल्याकडे लावणीपाशी फार थांबला. शर्मिला रेगे यांनी १९९५मध्ये लावणी कलावंतिणींवर लिहिताना जात आणि लैंगिकता यांची गाठ उलगडली, ते मोलाचंच. पण जिथे मंचावर बाई नव्हती आणि वाद मात्र तिच्याच श्रेष्ठत्वाचा होता, त्या जाखडीकडेही तितक्याच बारकाईने पाहायला हवं. आता तर महिला शाहीरही सामन्याला उभ्या राहतात. बाजू घराण्याने ठरते, त्यामुळे तुरेवाल्या गुरूची शिष्या पुरुषतत्त्वाचीच बाजू लढवणार. तिचे सवाल आजच उतरवून घ्यायला हवेत.