स्मिथ, हेझल ब्रॅनन

स्मिथ, हेझल ब्रॅनन : (४ फेब्रुवारी १९१४–मे १९९४). अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील होम्स काउंटीत जवळजवळ पन्नास वर्षे साप्ताहिके चालवणाऱ्या मालक-संपादक. ‘ड्युरंट न्यूज’ आणि ‘लेक्सिंग्टन ॲडव्हर्टायझर’ ही त्यांची मुख्य पत्रे. अग्रलेखनाचे पुलित्झर पारितोषिक (१९६४) मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. नागरी हक्कांच्या लढ्याच्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख बहुधा परिच्छेदभराचा असतो. वृत्तपत्र-व्यवसायाच्या इतिहासात मात्र त्यांना यापेक्षा पुष्कळ मोठी जागा मिळायला हवी. गावातले पत्र कोर्टात हरत नसेल, तर जाहिराती तोडून ते कसे उपाशी मारता येते, याचा इतका सलग पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडतो.

जन्म ॲलाबामा राज्यातील गॅड्सडेनजवळच्या ॲलाबामा सिटीचा. सोळाव्या वर्षी शालेय शिक्षण संपले. लगेच कॉलेजला न जाता त्या ‘एटोवा ऑब्झर्व्हर’ या स्थानिक साप्ताहिकात लागल्या. आधी गावच्या बारीकसारीक बातम्या लिहिल्या, मग जाहिराती मिळवण्याचे काम कमिशनवर केले. हे कमिशन इतके होऊ लागले की मालकाने त्यांना पगारावर घेणे पसंत केले. त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहता हे शिक्षण विद्यापीठातल्या पदवीइतकेच मोलाचे ठरते. १९३५ मध्ये त्या ॲलाबामा विद्यापीठातून पत्रकारितेच्या पदवीधर झाल्या.

ड्युरंट आणि लेक्सिंग्टन : १९३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ३,००० डॉलर कर्ज काढून त्यांनी ‘ड्युरंट न्यूज’ हे डबघाईला आलेले साप्ताहिक विकत घेतले. ड्युरंट हे होम्स काउंटीतले रेल्वेचे छोटे गाव. कोणाचे बारसे, कोणाचे लग्न, कोण आजारी, कोणाकडे पाहुणे आले अशा बातम्या आणि दुकानदारांच्या जाहिराती यांवर पत्र उभे राहिले आणि काही वर्षांतच कर्ज फिटले. १९४३ मध्ये त्यांनी काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या लेक्सिंग्टनचे ‘ॲडव्हर्टायझर’ घेतले. कचेऱ्या, न्यायालय आणि काउंटीचा कारभार तिथेच असल्यामुळे सरकारी जाहीर नोटिसांचे उत्पन्नही या पत्राकडे आले. जिल्ह्यात साप्ताहिक चालवणाऱ्याला या नोटिसांची किंमत वेगळी सांगायला नको. पुढे राजधानी जॅक्सनमधले ‘नॉर्थसाइड रिपोर्टर’ आणि फ्लोरा गावचे एक साप्ताहिक अशी आणखी दोन पत्रे त्यांच्याकडे आली. ‘थ्रू हेझल आइज’ हा त्यांचा स्तंभ नियमित येत असे.

होम्स काउंटीच्या पूर्वेला डोंगरउतार, पश्चिमेला मिसिसिपी डेल्टाची कापसाची सपाट जमीन. लोकसंख्येत सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय, पण मतदारयादीत त्यांची नावे नगण्य. वर्गणीदार दोन्ही समाजांतले होते. जाहिरातदार मात्र जवळजवळ सगळे गोरे, आणि पुढचे सारे या एका गोष्टीतून घडत गेले.

पहिल्या मोहिमा : मिसिसिपीत १९६६ पर्यंत दारूबंदी होती. त्यामुळे चोरटी दारू, जुगार आणि त्यांकडे काणाडोळा करणारे अधिकारी हा १९४०च्या दशकातला त्यांच्या अग्रलेखांचा मुख्य विषय होता. गुप्तरोगांवर उपचार करणारे केंद्र काउंटीत असावे, असेही त्यांनी लिहिले. त्या काळी एका अविवाहित तरुणीने छापील पानावर हा विषय काढणे अनेकांना रुचले नाही. १९४६ मध्ये मारहाणीत मृत्यू पावलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाच्या विधवेची, खटला चालू असताना, त्यांनी मुलाखत घेतली. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना शिक्षा झाली, ती वरच्या न्यायालयात टिकली नाही.

राजकीय मते : हा भाग चरित्रांत सहसा आवरता घेतला जातो. त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या. १९४८ मध्ये दक्षिणेतील बंडखोर गटाच्या बाजूला होत्या. साम्यवादाच्या कडव्या विरोधक असल्यामुळे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचेही त्यांनी समर्थन केले. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हाही गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या राहाव्यात असेच त्यांनी लिहिले. पुढेही त्या स्वतःला एकत्रीकरणवादी म्हणवून घेत नसत. कायदा सर्वांना सारखा असावा, एवढेच आपले म्हणणे असल्याचे सांगत. त्यांची मते पुढच्या दहा वर्षांत मुळातून बदलली, की कायद्याविषयीचा मूळ आग्रहच त्यांना तिथवर घेऊन गेला, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. प्रस्तुत नोंदकाराला दुसरे मत अधिक पटते. कायदा सर्वांना सारखा लागू होतो का, हा दारूच्या प्रकरणात अधिकाऱ्यांना विचारलेला प्रश्नच त्यांनी पुढे, खाली दिलेल्या गोळीबाराच्या प्रकरणातही विचारला.

बर्ड खटला : जुलै १९५४ मध्ये शनिवारच्या एका रात्री होम्स काउंटीचे शेरीफ रिचर्ड बर्ड यांनी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कृष्णवर्णीयांच्या घोळक्याजवळ गाडी थांबवली. आरडाओरडा का करता, असे विचारत एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाला त्यांनी मारले आणि निघून जायला सांगितले. तो पळत असताना गोळी झाडली. ती मांडीत लागली. स्मिथ यांनी साक्षीदारांशी बोलून बातमी छापली आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या पानावर अग्रलेख लिहिला. कायदा सर्वांसाठी आहे, शेरीफनी शपथेचा भंग केला आहे आणि त्यांनी पद सोडावे, असा त्याचा आशय होता.

शेरीफनी ५७,५०० डॉलर मागत अब्रुनुकसानीचा दावा लावला. ऑक्टोबर १९५४ मध्ये स्थानिक ज्यूरीने त्यांना १०,००० डॉलर देण्याचा निर्णय दिला. जे पत्र मुळात ३,००० डॉलरांच्या कर्जावर उभे राहिले, त्याच्या मालकिणीसाठी ही रक्कम पत्र बुडवायला पुरेशी होती. अपिलात मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५५ मध्ये हा निर्णय रद्द केला. तरुणाला मागून, पळत असताना गोळी लागली, हे पुराव्यावरून दिसते. म्हणजे छापलेला मजकूर मूलतः खरा होता, असे न्यायालयाने धरले.

या निकालाचे महत्त्व काळाच्या क्रमात पाहायला हवे. सार्वजनिक अधिकाऱ्याला अब्रुनुकसानीची भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा असल्याचे माहीत असून, किंवा खरेखोटेपणाची पर्वा न करता, तो छापला हे त्याने सिद्ध केले पाहिजे, हा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९६४ मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ या ॲलाबामातील प्रकरणात घालून दिला. स्मिथ यांच्यापाशी १९५४ मध्ये ही ढाल नव्हती. बातमी खरी असल्याचे दाखवूनच त्यांना स्वतःला वाचवायचे होते, आणि त्यांची बातमी त्या कसोटीला उतरली. साक्षीदारांशी न बोलता ऐकीव बातमी छापणाऱ्या संपादकाला हे जमले नसते.

आर्थिक बहिष्कार : गोळीबार झाला त्याच महिन्यात, जुलै १९५४ मध्ये, मिसिसिपीतील इंडियनोला येथे गोऱ्यांची पहिली ‘सिटिझन्स कौन्सिल’ स्थापन झाली. रात्री तोंड झाकून येण्यापेक्षा दिवसा बँक, दुकान आणि नोकरी यांमार्फत दाब आणणे, ही या संघटनेची रीत होती. होम्स काउंटीतही तिची शाखा निघाली आणि स्मिथ तिच्यात सामील झाल्या नाहीत. त्यांचे पती वॉल्टर डायर स्मिथ पूर्वी प्रवासी जहाजावर पर्सर (हिशेब पाहणारे अधिकारी) होते. सागरी सफरीत ओळख होऊन १९५० मध्ये दोघांचे लग्न झाले होते. ते काउंटीच्या रुग्णालयाचे प्रशासक होते. जानेवारी १९५६ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या कामाबद्दल तिथल्या डॉक्टरांची तक्रार नव्हती.

त्यानंतर जाहिराती आटल्या. दुकानदारांपैकी अनेकांचे स्मिथ यांच्याशी वैर नव्हते, पण जाहिरात दिली तर आपले गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती होती. १९५९ मध्ये कौन्सिलच्या पाठबळावर लेक्सिंग्टनमध्येच ‘होम्स काउंटी हेरल्ड’ हे प्रतिस्पर्धी साप्ताहिक निघाले आणि स्मिथ यांच्याकडचा व्यवस्थापकच त्याचा संपादक झाला. काउंटीच्या नोटिसा तिकडे गेल्या. हा घाव सर्वांत खोल होता. दुकानदार भीती ओसरल्यावर परत येऊ शकतो, पण नोटिसांचे ठरलेले उत्पन्न एकदा प्रतिस्पर्ध्याकडे गेले की त्याच्या कागद-शाईचा खर्च सुटतो आणि तो वाट पाहू शकतो. स्मिथ यांना वाट पाहण्यासाठी कर्ज काढावे लागले.

१९६० मध्ये हॅलोवीनच्या रात्री त्यांच्या अंगणात क्रूस पेटवण्यात आला.

बाहेरची पत्रे छापून देणे, म्हणजे जॉब वर्क, हा तोट्यातल्या छापखान्याचा नेहमीचा आधार. डिसेंबर १९६१ मध्ये जॅक्सनमधून नागरी हक्कांच्या चळवळीचे ‘मिसिसिपी फ्री प्रेस’ हे साप्ताहिक सुरू झाले. ते छापायला इतर छापखाने धजत नसताना स्मिथ यांनी काम घेतले. वर्णव्यवस्था टिकवण्यासाठी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या राज्य सरकारच्या ‘सॉव्हरिन्टी कमिशन’ची त्यांच्यावर पाळत होती. चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांच्यासह त्या जॅक्सनमध्ये दिसल्याचा अहवालही कमिशनकडे पोहोचला होता. सरकारी हेराने नोंदवण्याजोगे त्यात इतकेच होते की एक मुद्रक आपल्या गिऱ्हाइकाला भेटला.

१९६३ : एप्रिलमध्ये होम्स काउंटीतल्या माइलस्टन भागातील शेतकरी हार्टमन टर्नबो इतर काही कृष्णवर्णीयांसह मतदार म्हणून नाव नोंदवायला लेक्सिंग्टनच्या न्यायालयात गेले. मे महिन्यात त्यांच्या घरावर पेटते बाँब फेकण्यात आले आणि स्वतःचेच घर पेटवल्याच्या संशयावरून टर्नबोंनाच अटक झाली. स्मिथ यांनी याविरुद्ध अग्रलेख लिहिला. त्याच वर्षी लेक्सिंग्टनमध्ये पोलिसांच्या गोळीने एका कृष्णवर्णीय माजी नौसैनिकाचा मृत्यू झाला. त्याची बातमी छापल्याबद्दल दोन पोलिसांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला.

सन्मान : इलायजा पॅरिश लव्हजॉय पुरस्कार (१९६०), साप्ताहिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा गोल्डन क्विल (१९६३), पुलित्झर (१९६४). पुलित्झरचे वजन देशभर पडले, पण लेक्सिंग्टनच्या बाजारपेठेत त्याने एकही जाहिरात वाढवली नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासाठी त्या अटलांटिक सिटीत असताना ‘नॉर्थसाइड रिपोर्टर’च्या कचेरीत बाँबस्फोट झाला. ग्रीनव्हिलच्या ‘डेल्टा डेमोक्रॅट-टाइम्स’चे संपादक हॉडिंग कार्टर आणि इतर संपादकांनी त्यांच्यासाठी निधी जमवला. काउंटीतल्या कृष्णवर्णीयांनीही आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून पैसे दिले. ‘लुक’ या पाक्षिकाने नोव्हेंबर १९६५ मध्ये या कोंडीवर मोठा लेख छापला. मतदारयादीत कृष्णवर्णीयांची नावे एकेकाळी नगण्य असलेल्या होम्स काउंटीतूनच १९६७ मध्ये रॉबर्ट क्लार्क मिसिसिपीच्या विधिमंडळावर निवडून आले. विसाव्या शतकातले ते तिथले पहिले कृष्णवर्णीय सदस्य.

अखेरची वर्षे : १९७०च्या दशकाविषयी सांगण्यासारखे थोडे. कर्ज फिटले नाही. पती १९८०च्या दशकाच्या आरंभी वारले. १९८५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली, ‘ॲडव्हर्टायझर’ बंद पडले आणि ‘हेझलवुड’ हे राहते घरही गेले. स्मृतिभ्रंश जडल्यावर त्या नातेवाइकांकडे राहिल्या. टेनेसी राज्यातील क्लीव्हलंड येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या काही आठवडे आधी त्यांच्यावरचा ‘अ पॅशन फॉर जस्टिस’ हा चित्रपट अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. स्मिथ यांची भूमिका जेन सीमोर यांनी केली. त्यांच्या आयुष्यावर जॉन व्हेलन यांनी चरित्र लिहिले आहे (२०००). सॉव्हरिन्टी कमिशनची कागदपत्रे १९९८ मध्ये अभ्यासकांना खुली झाली. ‘होम्स काउंटी हेरल्ड’ हे प्रतिस्पर्धी साप्ताहिक ‘ॲडव्हर्टायझर’ बंद झाल्यानंतरही लेक्सिंग्टनहून निघत राहिले.