आंतरजालावरील मनाईहुकूम आणि आडवाटा
राजसत्तेने मनाईहुकूम काढावा आणि प्रजेने त्यातून वाट काढावी, हा क्रम छापखान्याइतका जुना असला, तरी आंतरजालाच्या युगातील अशा एका प्रमुख वाटेचा उगम सरकारी दप्तरातच व्हावा, हा इतिहासाचा विलक्षण योग होय. संदेशावर एकाआड एक कूटवेष्टने चढवून तो अनेक संगणकांमार्फत असा धाडावयाचा, की प्रेषक आणि मुक्काम ही दोन्ही कोणाही एका मध्यस्थास कळू नयेत, ही कल्पना अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात उदयास आली. २००२ साली तिच्यातून ‘टॉर’चे जाळे उभे राहिले आणि पुढे टॉर ब्राउझरमुळे ती सामान्य वाचकाच्या हाती आली. चीनच्या अंमलदारांनी या जाळ्याचे जाहीर पत्ते अडविले, तेव्हा ‘ब्रिज’, म्हणजेच अप्रकाशित पत्त्यांचे प्रवेश-संगणक, उपयोगात आले. तेही हुडकले जाऊ लागले, तेव्हा ‘स्नोफ्लेक’ पुढे आले, ज्याचे जोडसाधन आपल्या ब्राउझरमध्ये बसवून मुक्त देशातील कोणीही स्वयंसेवक दूरदेशीच्या कोंडलेल्या वाचकाचा तात्पुरता मध्यस्थ होतो. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने टॉरवर निर्बंध लादले आणि २०२२ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर निदर्शने उसळली असता इराणने आंतरजालाची नाकेबंदी केली, तेव्हा हेच साधन असंख्यांच्या उपयोगी पडले. मात्र अशी साधने वाट दाखवितात, अभयाची सनद देत नाहीत. ती सनद कायद्यानेच द्यावयाची असते.