घरगुती ॲक्वापोनिक्स: प्रयोगशाळेतून अंगणात

ॲक्वापोनिक्स म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि भाजीपाला वाढवण्याची पद्धत. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. झाडे नायट्रेट शोषून घेतात आणि निवळलेले पाणी पुन्हा माशांकडे जाते. जिवाणूंचे हे कार्य सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास उलगडले होते. भातखाचरात मासे सोडण्याची चीनमधील प्रथा तर कितीतरी जुनी आहे. मात्र टाकीतल्या माशांचे पाणी भाजीच्या वाफ्यातून फिरवून परत आणण्याची आजची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली.

टाकीत दाटीने मासे वाढवायचे तर विषारी अमोनिया काढण्यासाठी महागडी गाळणयंत्रणा लागत असे. तिला पर्याय शोधण्यात अमेरिकेतील न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट आघाडीवर होती. जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड आणि विल्यम मॅक्लार्नी यांनी १९६९ मध्ये स्थापलेल्या या संस्थेने केप कॉड येथे पारदर्शक टाक्यांत तिलापिया, म्हणजे आपल्याकडची चिलापी, वाढवली आणि टाक्यांतले सकस पाणी भाज्यांना दिले. कुटुंबाने आपले अन्न थोड्या ऊर्जेत स्वतः पिकवावे, ही त्यामागची तळमळ होती.

१९८०च्या दशकात दोन वाटा फुटल्या. गोड्या पाण्याची टंचाई असलेल्या सेंट क्रॉय बेटावर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठातील जेम्स रॅकोसी यांनी तरंगत्या तराफ्यांवर भाजी घेतली. त्यांच्या रचनेत गाळ बसवण्याच्या टाक्या वेगळ्या होत्या. व्यापारी उत्पादनासाठी ती उत्तम ठरली, पण घरच्या अंगणाला अवजड होती.

दुसरी वाट नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील मार्क मॅक्मर्ट्री आणि डग्लस सँडर्स यांची. त्यांनी माशांचे पाणी थेट वाळूच्या वाफ्यांत सोडले. गाळणे, जिवाणूंना थारा देणे आणि पीक पोसणे ही तिन्ही कामे एकट्या वाळूने केली. वेगळ्या गाळणीची गरज संपली आणि स्वस्ताईचा खरा पाया येथे घातला गेला.

बारीक वाळू गाळाने तुंबू शकते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिसूरीतील वेस्ट प्लेन्स येथे टॉम आणि पॉला स्पेरानिओ या शेतकरी दांपत्याने वाळूऐवजी खडी वापरली. वाफा पाण्याने भरायचा आणि रिकामा करायचा. पाणी उतरताना मुळांना व जिवाणूंना हवा मिळते. आपल्या पद्धतीची माहितीपुस्तिका काढून त्यांनी हे ज्ञान सामान्य बागकाम करणाऱ्यांपर्यंत पोहोचवले.

२०००नंतरच्या दशकात दुष्काळाने होरपळलेल्या ऑस्ट्रेलियात परसबागेतील ॲक्वापोनिक्सने मूळ धरले. याच काळात अमेरिकेतील ट्रॅव्हिस ह्युई यांनी प्लास्टिकच्या जुन्या पिंपांपासून रचना उभारली आणि तिची कृती मोफत उपलब्ध करून दिली. द्रवपदार्थांच्या वाहतुकीत वापरलेल्या, लोखंडी पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या टाक्याही कामी आल्या. वरचा भाग कापून वाफा, खालच्या भागात मासे. बेल सायफन वाफा आपोआप रिकामा करतो, त्यामुळे एका पंपावर भागते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान संचांसाठी सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. हजार लिटर पाण्यामागे १० ते २० किलो मासे, पालेभाजीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य, अशी प्रमाणे त्यात आहेत. चुनखडीयुक्त खडीमुळे पाण्याचा सामू वाढतो, म्हणून खडीवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर ती टाळावी. जिवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात, तोवर मासे कमीच ठेवावेत.

अशा प्रकारे वेगळी गाळणी गेली, वाळूची जागा खडीने घेतली आणि नव्या टाकीऐवजी वापरलेले पिंप आले. संच उभारण्याचा खर्च त्यामुळे आवाक्यात आला. पंपाची वीज आणि माशांचे खाद्य हे दोन रोजचे खर्च मात्र कायम आहेत, आणि घरगुती संच परवडतो की नाही हे मुख्यतः त्यांवरच ठरते.