युद्धाचा निर्णय कोणाचा? अमेरिकेचे अध्यक्ष आणि काँग्रेसची मंजुरी

२२ जून २०२५ रोजी अमेरिकेने इराणमधील फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर हल्ले केले. या कारवाईपूर्वी अमेरिकेच्या संसदेची, म्हणजेच काँग्रेसची, मंजुरी घेण्यात आली नव्हती. इराणविरुद्धची पुढील लष्करी कारवाई काँग्रेसच्या संमतीविना होऊ नये, असा ठराव त्यानंतर काही दिवसांतच सिनेटपुढे मतदानास आला. तो ४७ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळला गेला. परक्या देशावर हल्ला करण्यासाठी अध्यक्षांना काँग्रेसची पूर्वमंजुरी आवश्यक आहे का, हा अमेरिकेच्या राज्यघटनेइतकाच जुना प्रश्न या निमित्ताने पुन्हा चर्चेत आला.

राज्यघटनेतील विभागणी

१७८७ साली तयार झालेल्या राज्यघटनेने हा अधिकार दोन ठिकाणी विभागला आहे. युद्ध पुकारणे, सैन्य उभारणे आणि त्यासाठी निधी मंजूर करणे हे काँग्रेसचे अधिकार आहेत. भूदलासाठीची आर्थिक तरतूद एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळासाठी करता येत नाही. दुसरीकडे, सशस्त्र दलांचे सरसेनापती म्हणून राज्यघटनेने अध्यक्षांना नेमले आहे.

फिलाडेल्फिया येथील घटना परिषदेत मूळ मसुद्यात काँग्रेसला युद्ध ‘करण्याचा’ अधिकार देण्यात आला होता. जेम्स मॅडिसन आणि एल्ब्रिज गेरी यांच्या सूचनेवरून तेथे युद्ध ‘पुकारण्याचा’ असा बदल झाला. देशावर अचानक हल्ला झाल्यास तो परतवून लावण्याची मोकळीक अध्यक्षांना असावी, हा त्यामागील हेतू होता. स्वसंरक्षणाची तातडी अध्यक्षांकडे आणि युद्ध सुरू करण्याचा निर्णय काँग्रेसकडे, असा या विभागणीचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो.

घोषणेविना लढली गेलेली युद्धे

प्रत्यक्षात काँग्रेसने आजवर केवळ पाच युद्धांत औपचारिक घोषणा केली आहे. त्यांतील अखेरची घोषणा दुसऱ्या महायुद्धात, जून १९४२ मध्ये बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया यांच्याविरुद्ध झाली. १९५० साली अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी काँग्रेसच्या मंजुरीविना कोरियात सैन्य पाठविले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाचा आधार त्यांनी घेतला होता. व्हिएतनामच्या बाबतीत काँग्रेसने ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताविषयीचा ठराव संमत करून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना व्यापक अधिकार दिले. सिनेटमध्ये केवळ दोघांनी त्याविरुद्ध मत दिले होते. पुढे १९६९ पासून रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीत कंबोडियावर झालेला बॉम्बवर्षाव जनतेपासून आणि काँग्रेसच्या बहुसंख्य सदस्यांपासून गुप्त ठेवण्यात आला.

१९७३ चा कायदा

या अनुभवातून नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘युद्धाधिकार ठराव’ हा कायदा अस्तित्वात आला. निक्सन यांनी नकाराधिकार वापरला होता. परंतु दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश बहुमताने तो रद्द ठरविला. सैन्य संघर्षात उतरविल्यापासून ४८ तासांच्या आत अध्यक्षांनी काँग्रेसला लेखी अहवाल द्यावा, तसेच काँग्रेसने मंजुरी न दिल्यास ६० दिवसांत कारवाई थांबवावी, असे या कायद्यात म्हटले आहे. सैन्य सुरक्षितपणे मागे घेण्यासाठी आणखी ३० दिवसांची मुदत मिळू शकते.

मात्र या कायद्याची धार लवकरच बोथट झाली. काँग्रेसने अध्यक्षांच्या स्वाक्षरीविना ठराव करून सैन्य माघारी बोलवावे, अशी तरतूद त्यात होती. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने इमिग्रेशनविषयक एका खटल्यात अशा प्रकारचे ठराव घटनाबाह्य ठरविले. त्यामुळे कारवाई थांबविणारा ठरावही अध्यक्षांकडे स्वाक्षरीसाठी पाठवावा लागतो आणि ते तो नाकारू शकतात. हा नकार मोडून काढण्यास दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. शंभर सदस्यांच्या सिनेटमध्ये ३४ सदस्य अध्यक्षांच्या पाठीशी उभे राहिले, तरी कारवाई सुरू राहू शकते.

येथेच मूळ रचना उलटी झाली आहे. घटनाकारांच्या योजनेनुसार युद्धासाठी बहुमत मिळविण्याची जबाबदारी युद्ध इच्छिणाऱ्यांवर होती. आता ते थांबवू इच्छिणाऱ्यांना दोन तृतीयांश बहुमत जमवावे लागते. २०२० मध्ये याचा प्रत्यय आला. इराणचे सेनाधिकारी कासिम सुलेमानी अमेरिकेच्या हल्ल्यात ठार झाल्यानंतर इराणविरुद्धच्या कारवाईवर निर्बंध घालणारा ठराव दोन्ही सभागृहांनी संमत केला. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तो नाकारला. त्यानंतर सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४४ असे मतदान झाले. बहुमत होते, पण ते पुरेसे नव्हते.

६० दिवसांच्या मर्यादेचेही असेच झाले. १९९९ मध्ये कोसोवोसाठी युगोस्लाव्हियावर ७८ दिवस हवाई हल्ले चालले. प्रतिनिधिगृहात मंजुरीच्या ठरावावर २१३ विरुद्ध २१३ अशी समसमान मते पडली आणि मंजुरी मिळाली नाही. मोहिमेसाठी निधी मात्र काँग्रेसने दिला. २०११ मध्ये लिबियातील मोहीम ६० दिवसांपुढे गेली, तेव्हा ही कारवाई कायद्याला अभिप्रेत असलेला ‘संघर्ष’ नव्हे, अशी भूमिका बराक ओबामा यांच्या प्रशासनाने घेतली.

जुन्या मंजुरीचा नवा वापर

मंजुरी दिली तरी तिची व्याप्ती हा स्वतंत्र प्रश्न ठरतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काँग्रेसने हल्लेखोर आणि त्यांचे आश्रयदाते यांच्याविरुद्ध बळाचा वापर करण्यास अनुमती दिली. प्रतिनिधिगृहात बार्बरा ली या एकमेव सदस्येने विरोधी मत नोंदविले. पुढील अध्यक्षांनी याच अनुमतीचा आधार २००१ मध्ये त्या नावाने अस्तित्वात नसलेल्या ‘इस्लामिक स्टेट’विरुद्धही घेतला.

न्यायालये या वादात उतरण्यास सहसा नाखूश असतात. कोसोवोप्रकरणी काँग्रेसच्या सदस्यांनी केलेला दावा, त्यांना तो दाखल करण्याचा अधिकार नाही, या कारणास्तव फेटाळण्यात आला. काँग्रेसच्या हाती खात्रीचे साधन उरते ते निधीचे. १५ ऑगस्ट १९७३ नंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया येथील लष्करी कारवाईसाठी पैसा वापरण्यास तिने कायद्याने बंदी घातली आणि बॉम्बवर्षाव थांबला.

भारतातील रचना

भारताच्या राज्यघटनेतील ५३ व्या अनुच्छेदानुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. परंतु राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार कार्य करतात. लष्करी कारवाईपूर्वी संसदेची मंजुरी घेण्याची अट राज्यघटनेत नाही. युद्धाच्या कारणावरून आणीबाणी जाहीर झाल्यास मात्र तिला एका महिन्याच्या आत संसदेची मान्यता मिळावी लागते. शिवाय लोकसभेचा विश्वास गमावलेले सरकार सत्तेवर राहू शकत नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांचा कार्यकाळ चार वर्षांचा, निश्चित असतो. धोरण पटले नाही म्हणून काँग्रेस त्यांना दूर करू शकत नाही. म्हणूनच तेथे पूर्वमंजुरीच्या अटीला विशेष महत्त्व आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील युद्धाधिकाराविषयीचे शब्द १७८७ पासून बदललेले नाहीत. सैन्य रणांगणात उतरल्यावर त्याचा पैसा रोखण्यास लोकप्रतिनिधी सहसा धजावत नाहीत आणि प्रतिकूल मत नोंदविण्याची जोखीमही अनेकदा टाळतात. परिणामी युद्ध सुरू करण्याचा निर्णय एका व्यक्तीच्या हाती राहतो आणि त्यावरील चर्चा बहुधा हल्ल्यानंतर होते.