बाला देवीला पगार कोण देत होतं?

फुटबॉल खेळणाऱ्या मुलीवर मराठी वर्तमानपत्रात काही छापून आलं, की त्यात 'जिद्द' हा शब्द असतोच. आधी गरिबी, मग अनवाणी पाय, मग जिद्द आणि शेवटी यश. या क्रमावर आमचा विश्वास नाही. जिद्दच पुरेशी असती तर आपल्या वस्त्यांतून आणि सातपुड्याच्या पाड्यांतून निम्मा भारतीय संघ उभा राहिला असता. म्हणून आपण साधा प्रश्न विचारू. या देशातली सर्वांत गाजलेली स्त्री फुटबॉलपटू इतकी वर्षं जगली कशावर?

न्गांगोम बाला देवी. जन्म १९९०, गाव मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातलं इरेंगबाम. लहानपणी मुलांमध्ये खेळली, पुढे भारताची कर्णधार झाली. जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिच्याशी अठरा महिन्यांचा करार केला. युरोपातल्या क्लबने पूर्णवेळ व्यावसायिक म्हणून घेतलेली ती पहिली भारतीय स्त्री. डिसेंबर २०२० मध्ये मदरवेलविरुद्ध तिने गोल केला आणि इथल्या पेपरांनी तिची कहाणी तिथून सुरू केली. पण त्या वेळी ती तीस वर्षांची होती. खेळाडूच्या आयुष्यातली उमेदीची वर्षं मागे पडली होती.

ती वर्षं तिने मणिपूर पोलीस दलाच्या नोकरीत काढली. पगार पोलीस खात्याचा, संघ पोलीस खात्याचा. २०१९ मध्ये लुधियानात इंडियन विमेन्स लीग झाली, तिच्यात याच पोलीस संघाकडून तिने २६ गोल केले. तिच्या आधीची मोठी खेळाडू ओइनाम बेमबेम देवी, जिला २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, तीही मणिपूर पोलिसांतलीच. पोलीस खात्याबद्दल आपले अनुभव काय आहेत ते इथे सांगत बसत नाही. मुद्दा एवढाच, की या दोघींना क्लबने, बाजाराने किंवा कुठल्या दानशूर उद्योगपतीने जगवलं नाही. सरकारी पदाने जगवलं. दर महिन्याला येणारा पगार होता म्हणून दुसऱ्या दिवशी सरावाला जाता येत होतं.

बाजाराचा हिशेब बघा. पुरुषांची राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली. स्त्रियांच्या लीगला २०१७ उजाडलं. पहिल्या हंगामाची अंतिम फेरी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाली (बाबासाहेबांचं नाव स्टेडियमला द्यायला कुणाची हरकत नसते). संघ सहा, आणि २८ जानेवारीला सुरू झालेली फेरी १४ फेब्रुवारीला संपलीसुद्धा. अडीच आठवड्यांच्या लीगवर कुणाचं वर्षभराचं पोट भरतं?

काही जण म्हणतील, बायकांचं फुटबॉल बघतं कोण? याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कामगार स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबत होत्या. प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यातल्या अशाच कामगार मुलींनी संघ उभा केला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले होते. वर्षही सरलं नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठरवलं की हा खेळ स्त्रियांना शोभत नाही. पण बंदी घातली कशी, ते नीट पाहा. 'स्त्रियांनी खेळू नये' असा कायदा केला नाही. आपल्या क्लबांना एवढंच बजावलं, की यांना तुमची मैदानं देऊ नका. पन्नास वर्षं ती बंदी टिकली.

ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. माणसाला थेट मनाई करायची नाही, जागा नाकारायची. बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा. कागदावर सगळं खुलं होतं आणि पाण्याला हात लावायची सोय नव्हती. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथे जाऊन ओंजळीने पाणी प्यावं लागलं. अस्पृश्यता आणि इंग्लंडमधली बंदी एकच, असं आम्ही म्हणत नाही. तिथल्या मुलींच्या स्पर्शाने मैदान बाटत नव्हतं. पण सार्वजनिक जागा हा हक्काचा प्रश्न आहे, हे महाडने आपल्याला शिकवलं. ते तळ्यापुरतं मर्यादित ठेवायचं कारण नाही. गावातलं मैदान संध्याकाळी पाच ते सात कुणाच्या ताब्यात असतं, हा प्रश्नही महाडचाच आहे.

आता शहाद्याकडे या. स्त्रियांनी सार्वजनिक जागेत उतरणं या तालुक्याला नवं नाही. ३० जानेवारी १९७२ रोजी इथे भूमुक्ती परिषद झाली, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींच्या पिढीतल्या त्या लढ्यात भिल्ल स्त्रियांनी जथ्याने गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्यांच्या नातींना धावता येत नाही, असं कोण म्हणेल?

अडचण पायांत नाही, वर्षाच्या रचनेत आहे. खेळाडू साधारण दहा ते अठरा या वयात घडते. त्यासाठी तेच मैदान, तोच प्रशिक्षक आणि रोजची संध्याकाळ लागते. इथली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मुलगी सोबत गेली तर धाकट्या भावंडांना सांभाळते, नाहीतर मोळ्या बांधते. सरावाचा हंगाम आणि कोयत्याचा हंगाम एकच. ती पावसाळ्यात परत येते तेव्हा संघ निवडून झालेला असतो.

शिवाय कागद. नागराज मंजुळेंचा 'झुंड' (२०२२) नागपूरच्या विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी उभ्या केलेल्या फुटबॉलवर आहे. त्यात रिंकू राजगुरूने साकारलेली आदिवासी मुलगी आठवा. निवड झालेली आहे, पण पासपोर्ट नाही, आणि त्यासाठी ओळखीचा पुरावा मिळवत बाप-लेक दारोदार फिरतात. आमच्या मते त्या सिनेमातला सगळ्यात खरा भाग तोच. आणि योगायोग असा, की देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिलं गेलं ते याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. ओळख नोंदवायला दिल्ली इथवर आली. त्यानंतर गोलपोस्ट घेऊन कुणी आलं नाही.

महाराष्ट्रात २००५ पासून सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ते हवंच. पण ते पदकाचं प्रमाणपत्र आणणाऱ्याला मिळतं, आणि पदकापर्यंतची आठ वर्षं कुणी पोसायची यावर शासन निर्णय गप्प आहे. मणिपूरने पगारासोबत संघही दिला होता, फरक तिथे आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाला देवी परतली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूच्या सॅफ स्पर्धेत भारतासाठी पन्नास गोल पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. चौतिसाव्या वर्षी. मधल्या काळात ती बेकार झाली असती तर हा आकडा आपल्याला दिसला नसता.

तेव्हा शहादा, तळोदा, धडगावच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतून एकदिवसीय स्पर्धा भरवण्याआधी आदिवासी प्रकल्प कार्यालयात माहितीचा अर्ज टाकावा. किती आश्रमशाळांत क्रीडाशिक्षकाचं पद भरलेलं आहे? त्यातल्या स्त्रिया किती? मैदान शाळेच्या नावावर आहे का? आणि ऊसतोडीच्या महिन्यांत वसतिगृहात राहून सराव करता येईल अशा जागा मुलींसाठी किती आहेत? अर्जाला दहा रुपये लागतात.